फिशमन मॅट्रिक्स इन्फिनिटी व्हीटी: पिकअप उत्तम, कसोटी सॅडलच्या खाचेची

गिटारच्या कडेला चौकोनी भोक न पाडता ती स्टेजवर न्यायची असेल, तर हा पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारं उपकरण) नक्की घ्यावा. सॅडलखाली (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या उभ्या तुकड्याखाली) दाब जाणवणारी पातळ पिएझो पट्टी, मागच्या स्ट्रॅप पिनच्या (पट्टा अडकवायच्या खुंटीच्या) जागी येणाऱ्या जॅकमध्येच प्रीअँप, म्हणजे संकेत वाढवणारं सर्किट, साउंडहोलच्या (गिटारच्या गोल भोकाच्या) काठाखाली व्हॉल्यूम आणि टोनची दोन चाकं, आत ९ व्होल्टची बॅटरी. समोरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही.

पट्टी दोन रुंदींत मिळते, साधारण २.३ आणि ३.२ मिमी. मागवण्याआधी सॅडल बसते ती खाच कॅलिपरने मोजा. अंदाजाने मागवलेली रुंद पट्टी अरुंद खाचेत ठोकून बसवणं म्हणजे ती वाया घालवणं.

पैसे वसूल होणार की नाही, हे खाचेच्या तळावर ठरतं. पट्टी दाबावर चालते. तळ किंवा सॅडलची खालची बाजू जराशी जरी गोलाकार असली, तरी एखादी तार, बहुधा पहिली किंवा दुसरी, बारीक ऐकू येते. मग लोक प्रीअँपला दोष देतात. कागदाचे तुकडे खाली सरकवून ही तक्रार कायमची जात नाही, तळ सपाट करावाच लागतो. सॅडल बोटांनी वर-खाली सरकेल इतकीच घट्ट हवी. फार घट्ट असेल तर तारांचा दाब खाली पोहोचत नाही, सैल असेल तर ती पुढे कलते.

पट्टीच्या जाडीइतकी सॅडल खालून घासा, कारण वरचा उतार सुरांसाठी दिलेला असतो. काचेवर चिकटवलेला सँडपेपर आणि सॅडलला आधार देणारा काटकोनी ठोकळा, एवढं पुरतं. घासलं नाही तर सॅडल जितकी उचलली जाते, त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटवर वाढते. वायर आत जाण्याचं भोक खाचेच्या टोकाला तिरकं पाडा. सरळ पाडलं की पट्टी काटकोनात मुडपते आणि तिथेच तुटते.

जॅकसाठी १२.७ मिमीचं भोक लागतं. स्ट्रॅप पिनचं जुनं भोक आधीच असल्यामुळे साधा ड्रिल बिट भरकटतो आणि पॉलिशचे टवके उडवतो. मास्किंग टेप लावून रीमरने (भोक रुंदावणाऱ्या निमुळत्या हत्याराने) हळूहळू मोठं करा. आतला नट आधी योग्य जागी आणून मगच बाहेरचा आवळा, नाहीतर जॅक फिरतो आणि वायरी पिळतात.

आवाजाबद्दल: बोटांनी वाजवताना स्वच्छ आणि भरदार, जोरात स्ट्रम केलं (सगळ्या तारा एकदम छेडल्या) की पिएझोचा तो टोकदार, बदकासारखा 'क्वॅक' येतोच. टोनचं चाक पुढे नेलं की मधला भाग खाली जातो, खर्ज आणि तीक्ष्णपणा वाढतो. बँडसोबत याच मधल्या भागामुळे गिटार ऐकू येते, म्हणून तिथे ते चाक जवळजवळ बंदच ठेवा. खर्ज वाढवणारा व्हॉइसिंग स्विच आत आहे, तो तारा चढवण्याआधी ठरवा.

केबल लावली की बॅटरी चालू होते, त्यामुळे वाजवून झालं की केबल काढायचीच. आवाज फाटू लागला तर आधी बॅटरी बदला, अल्कलाइनच घाला. गिटार महिनोन् महिने पडून राहणार असेल तर बॅटरी बाहेर काढा, कारण गळलेली बॅटरी कनेक्टर खाते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगून सॅडल अडकते, चाकांची चिकटपट्टी सुटते आणि जॅक खरखरतो. चाकं चिकटवण्याआधी लाकडावरची धूळ नीट पुसा. जॅकला थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग काही वेळा आत-बाहेर करा.

फक्त शांत फिंगरस्टाइल (बोटांनी एकेक तार छेडून) वाजवणाऱ्यांनी के अँड के प्युअर मिनी या दुसऱ्या पिकअपचाही विचार करावा. ब्रिजखाली गिटारच्या आत असलेल्या लाकडी पट्टीला चिकटणाऱ्या तीन चकत्या, बॅटरी नाही, आवाज लाकडाच्या जास्त जवळचा. पण त्याला साधारण १ मेगाओहम इनपुटचा (म्हणजे खूप जास्त रोध असलेला) अँप किंवा बाहेरचा प्रीअँप लागतो, आणि ड्रम्सशेजारी तो फार लवकर फीडबॅक देतो, म्हणजे स्पीकरमधून शिट्टी किंवा घोंगावणं सुरू होतं.