एक टाकी, वीस घरे : ऐकून बोलायचे की पाळीने?

गावच्या पाण्याच्या टाकीवर एक रेडिओ, म्हणजे बिनतारी संदेश देणारे-घेणारे यंत्र, बसवून तिथून ग्रामपंचायत, शाळा, दूध संकलन केंद्र आणि वावरांत विखुरलेली पंधरा-वीस घरे इंटरनेटला जोडायची, असा बेत विदर्भातल्या अनेक गावांत होतो. दरपत्रकात अँटेनाचा आकार आणि किंमत असते. पण रेडिओलहरींची एकच वाहिनी, म्हणजे बोलायची एकच वाट, इतक्या जणांत वाटायची कशी, याचा त्यात उल्लेख नसतो. काम झाल्यावर संध्याकाळी सात वाजता सगळेच मोबाईल हातात घेतात, तेव्हा तो प्रश्न आपोआप समोर येतो.

पहिला मार्ग साध्या वायफायचा. प्रत्येक रेडिओ आधी कानोसा घेतो, कोणी बोलत नसेल तरच बोलतो आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतो. एका खोलीत ही पद्धत उत्तम चालते, कारण तिथे सगळ्यांना सगळ्यांचे ऐकू येते. गावात मात्र प्रत्येक घराची डिश टाकीकडे तोंड करून असते. पूर्वेच्या घराला पश्चिमेच्या घराचा आवाज येतच नाही, म्हणून दोघेही वाहिनी मोकळी समजून एकाच क्षणी बोलतात आणि टाकीवर दोघांचाही संदेश वाया जातो. एका गावात मी हे जवळून पाहिले आहे : चौदा जोडण्या, प्रत्येक घरी सिग्नल भरपूर, आणि तरीही संध्याकाळी शाळेच्या संगणकावरून एक फोटो वर चढत नव्हता. दोन वेळा डिश बदलून झाल्या, दोष डिशचा नव्हताच. अंतराचीही अडचण आहे. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये थांबण्याचे मूळ माप ९ मायक्रोसेकंदांचे असते, आणि तेवढ्या वेळात रेडिओलहर जेमतेम पावणेतीन किलोमीटर जाते. त्यापलीकडच्या घरांसाठी सेटिंग मुद्दाम बदलावी लागते.

दुसरा मार्ग कालविभाजनाचा, म्हणजे टीडीएमए. कालव्यावर ओलित करणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण शेजपाळीत प्रत्येक वावराला दिवस आणि तास ठरवून मिळतो व त्या वेळात चारीचे सगळे पाणी त्याचेच असते. इथे टाकीवरचा रेडिओ पाळीपत्रक काढतो आणि प्रत्येक घर मिलिसेकंदाच्या अंशाएवढ्या आपल्या पाळीतच बोलते. एकमेकांचे ऐकू येण्याची गरजच उरत नाही, त्यामुळे आदळआपटही होत नाही. चारीतले पाणी एका वावरातून दुसऱ्यात पोचायला वेळ लागतो, तसा लहरीलाही लागतो, दहा किलोमीटरला सुमारे ३३ मायक्रोसेकंद. म्हणून दोन पाळ्यांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवतात किंवा दूरच्या घराला किंचित आधी बोलायला लावतात. टू-जी मोबाईलमध्ये हेच होते : २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाहिनीवर आठ पाळ्या, प्रत्येक पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, आणि आधी बोलण्याची मर्यादा ६३ पायऱ्यांची, ज्यामुळे एका टॉवरचा आवाका साधारण ३५ किलोमीटरवर संपतो.

माझ्या मते निवडीत सर्वांत जड मुद्दा वेगळाच आहे, आणि तो फार क्वचित बोलला जातो. एखाद्या घरासमोर कडुनिंबाचे झाड असते, चैत्रात त्याला पालवी फुटते आणि त्या घराचा वेग दहापटीने घसरतो. साध्या वायफायमध्ये त्या घराचा एक संदेश पोचायला दहापट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे खोळंबतात; एका झाडाचा भुर्दंड अख्ख्या गावाला बसतो. पाळीच्या पद्धतीत वाटणी वेळेची असल्यामुळे हळू घर आपल्याच पाळीत हळू चालते, शेजाऱ्याच्या पाळीला हात लावत नाही.

पाळीची किंमतही मोजावी लागते. दोन-तीनच घरे असतील तर पाळीची वाट पाहण्यात विनाकारण काही मिलिसेकंद जातात. पाळीपत्रक ताठर असेल तर शांत घराचा वेळ वाया जातो, म्हणून मागणीनुसार पाळी लहानमोठी करणारे उपकरणच घ्यावे. अशा पद्धती बहुधा प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या असतात. एका कंपनीचा रेडिओ टाकीवर चढला की सगळ्या घरी त्याच कंपनीचा लागतो, आणि वीज पडून एखादा जळला तर तालुक्याच्या दुकानातला कोणताही चालत नाही. एक जादा रेडिओ आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. शिवाय पाळीने बोलणारा रेडिओ अनेकदा आधी कानोसा घेत नाही. शेजारच्या गावात कोणी तीच वाहिनी वापरत असेल तर त्याचे पाळीपत्रक आपल्याला ठाऊक नसते, आणि हा लहरींचा पट्टा परवानामुक्त असल्याने तक्रारही करता येत नाही. स्वतःचेच दोन टॉवर असतील, तर दोघांची घड्याळे जीपीएसने जुळवणारी उपकरणे घ्यावीत.

प्रत्येक घराला वेगळी लहर देण्याचा तिसरा पर्याय टाकीवर वीस रेडिओ मागतो, तेव्हा तो सोडून द्यावा. पंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची केबल चालू अवस्थेत असेल, तर जवळच्या घरांना फायबरच द्यावे. तिथेही घरांकडून परत येणारा प्रकाश पाळीनेच येतो, फक्त झाडाची भीती नसते.

संत्र्याच्या बागेतले ओलावा मोजणारे सेन्सर हा मात्र वेगळा मामला आहे, आणि तिथे माझा कौल उलटा पडतो. समजा चाळीस सेन्सर दर पंधरा मिनिटांनी एकदा, दहावा हिस्सा सेकंद बोलतात. म्हणजे ९०० सेकंदांत एकूण ४ सेकंद. इतक्या रिकाम्या वाहिनीवर मनाला येईल तेव्हा बोलले तरी क्वचितच धडक होते. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या हवाई बेटांवरील विद्यापीठात सुरू झालेले अलोहा हे रेडिओजाळे याच तत्त्वावर चालले. त्या पद्धतीत वाहिनीच्या वेळेपैकी उपयोगी पडणाऱ्या वेळेची कमाल मर्यादा १८ टक्के आहे, आणि फक्त ठरलेल्या ठोक्यावरच बोलायचे असा नियम केला की ती दुप्पट होते. पण ठोका पाळायला घड्याळ लागते. दहा लाखांत वीस भाग चुकणारे स्वस्त घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद सरकते, चैत्र-वैशाखात पत्र्याच्या डबीत तापल्यावर त्याहून जास्त, आणि ते वारंवार जुळवण्यात बॅटरी खर्च होते. म्हणून सेन्सर मोकळेच बोलू द्यावेत. अपवाद लांबच्या वावरांचा : तिथे लोरा रेडिओला (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या) सर्वांत संथ गतीने एक संदेश पाठवायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो, चाळीसही सेन्सर तसेच असतील तर आठांतला एक संदेश हरवू लागतो, आणि तेव्हा पाळीचा विचार करण्याआधी वावराजवळ दुसरा अँटेना उभारणे स्वस्त पडते.