विंडोज ११ नंतर दमलेला लॅपटॉप आणि क्रुशल बीएक्स५००

२०१८-१९ मध्ये घेतलेले आय५-८२५०यू, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्कवाले लॅपटॉप आजही गावोगावच्या सेतू केंद्रांत, कृषी केंद्रांत आणि शाळांच्या ऑफिसात राबताहेत. प्रोसेसर आठव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ ला चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तसं बऱ्याच जणांनी फुकटात मिळतंय म्हणून अपग्रेड करून घेतलं, आणि तेव्हापासून रडगाणं एकच: मशीन सुरू व्हायला पाच-सात मिनिटं, सातबाराची पीडीएफ उघडायला आणखी दोन. तालुक्याचा दुकानदार सांगतो, "भाऊ, आता नवीनच घेऊन टाका." एवढ्यात घेऊ नका.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी (म्हणजे फिरती हार्ड डिस्क) लिहिलंय, वापर १०० टक्के दिसतोय आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं असेल तर निदान झालं. ५४०० आरपीएमच्या डिस्कला प्रत्येक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आत तुकडे. इकडे विंडोज ११ मागच्या मागे इंडेक्सिंग (शोधासाठी फायलींची यादी करणं), डिफेंडर या अँटीव्हायरसची तपासणी आणि अपडेट अशी तीन-तीन कामं एकदम काढतं. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो, डिस्क धापा टाकत असते. यावर 'क्लीनर' आणि 'बूस्टर' नावाची सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे डिस्कवर आणखी एक ओझं. अपग्रेड नुकतंच झालं असेल तर एक रात्र चार्जर लावून मशीन चालू ठेवा, इंडेक्सिंग उरकू द्या, स्टार्टअप अ‍ॅप्समधली नको ती नावं बंद करा. थोडा फरक पडेल, पण थोडाच.

खरा फरक पडतो तो डिस्क बदलल्यावर. क्रुशलची बीएक्स५०० ही अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी, आत काहीही न फिरणारी चिपवाली डिस्क. कंपनी वाचनाचा वेग सेकंदाला ५४० एमबी सांगते, पण रोजच्या कामात कळतो तो बारीक-बारीक फायली उचलण्याचा वेग. मशीन अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होतं, ब्राउझर दाबला की उघडतो. तिच्यात वेगळी डीरॅम चिप (डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) नाही. शिवाय ३०-४० जीबीची लग्नाची शूटिंग एका दमात टाकली की तिचा कॅशे, म्हणजे लिहिण्याची तात्पुरती वेगवान जागा, भरतो आणि वेग धाडकन खाली येतो. व्हिडिओ एडिटिंगवाल्याने ही घेऊ नये. दाखले, फॉर्म, एक्सेल आणि टॅली यांना ती पुरून उरते. २४० जीबीच्या मॉडेलला ८० टीबी लिखाणाची मर्यादा आहे, पण ऑफिसच्या कामात ती गाठायला कित्येक वर्षं जातील. वॉरंटी ३ वर्षांची. विंडोजमध्ये जागा २२३ जीबीच दिसते, ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. त्यातली १५-२० टक्के मोकळी ठेवा.

घेण्याआधी दोन गोष्टी. क्रुशलची मालक कंपनी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये या ब्रँडचा किरकोळ धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. वॉरंटी पाळू म्हणतात, पण दुकानात दिसेल तो उरलेला माल, तेव्हा सीलबंद पाकीट आणि पक्कं बिल दोन्ही हवं. नाही मिळाली तर किंग्स्टन ए४०० किंवा डब्ल्यूडी ग्रीन याच पंक्तीतल्या. भाव इथे लिहीत नाही, मेमरीच्या किमती इतक्या वर गेल्यात की आजचा आकडा उद्या खोटा ठरेल. दुसरं म्हणजे या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा, रिकामा स्लॉट असतो. तो एनव्हीएमईचा (साटापेक्षा वेगवान प्रकारचा) असेल तर साटा घेऊच नका, एनव्हीएमई बसवा आणि जुनी डिस्क साठवणीला आतच राहू द्या.

विंडोज जुन्या डिस्कवरून क्लोन (जसंच्या तसं कॉपी) करायचं की नव्याने टाकायचं? आमचं मत नव्याने. क्लोनमध्ये जुना कचराही येतो. आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल लागतं. डाउनलोड पाच-सहा जीबीचं, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते होणार नाही. ग्रामपंचायतीत भारतनेट (सरकारी ब्रॉडबँड) चालू असेल तर तिथे, नाहीतर तालुक्याला जाऊन उतरवून आणा. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडून पुढे जा, नेट मिळालं की अ‍ॅक्टिव्हेट होतं.

इथे हमखास घोटाळा होतो तो फॉन्टचा. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख यांत टाइप केलेले जुने ठराव आणि अर्ज नव्या विंडोजवर अगम्य चिन्हांसारखे दिसतात. जुन्या डिस्कवरचं फॉन्ट्सचं फोल्डर आधी कॉपी करून ठेवा. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, प्रिंटर आणि स्कॅनर यांचे ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवा. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला विंडोजने लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर काढलेली डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही.

बसवायला अर्धा तास. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हजवळ लपलेले असतात, ते राहिले आणि झाकण ओढलं तर कडा तुटते. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. जुन्या डिस्कची पत्र्याची फ्रेम एसएसडीला लावा, नाहीतर ती जागेवर हलते आणि कनेक्टर सैल होतो. उघडलंच आहे तर रॅमही बघा. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण ब्राउझरचे पाच टॅब उघडले की अडखळतं. या प्रोसेसरला डीडीआर४-२४०० लागते, २६६६ ची पट्टी टाकली तरी २४०० वर चालते. दोन स्लॉट असतील तर ४+४ करा, ड्युअल चॅनेलमुळे (दोन पट्ट्या एकदम वापरल्याने) आतल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो.

आणि पंखा. वणी, हिंगणघाट, दर्यापूर असल्या कापसाच्या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात हवेतला रुईचा तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) जाळीत नमद्यासारखा बसतो. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना तेवढ्याने प्रोसेसर शंभरी गाठतो आणि स्वतःचा वेग कमी करून घेतो, मग एसएसडी कितीही चांगली असो. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने जाळी साफ करा (मोकळा पंखा ब्लोअरने गरगरवला तर बेअरिंग जातं), वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. एसएसडी ७० डिग्रीपर्यंत चालते, तिची काळजी नको.

२०१८ मध्येच विकलेला आय३-७०२०यू मात्र सातव्या पिढीचा, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यावर एसएसडी लावून विंडोज १० ठेवा आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट लिनक्स मिंट ही प्रणाली त्यावर छान पळते, पण ठसा घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे सेतू केंद्रवाल्याने आधी यंत्राच्या विक्रेत्याला विचारून घ्यावं.