उमेदवाराची श्रद्धा: बघून मत द्यावं की न बघता?

मी दोन्ही करून पाहिलंय. सुरुवातीची काही मतं उमेदवार किती धार्मिक आहे ते बघून दिली, नंतरची ते न बघता. यंदा ज्यांचं ठरत नसेल त्यांच्यासाठी हा अनुभव.

श्रद्धा बघणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. गर्भपात, इच्छामरण, फाशी असल्या विषयांवर माणूस जाहीरनामा बघून नाही, आतून ठरवतो. श्रद्धा खासगी म्हणणारे जॉन केनेडींचं सप्टेंबर १९६० मधलं ह्यूस्टनचं भाषण पुढे करतात. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार कॅथलिक, समोर प्रोटेस्टंट पाद्री. श्रद्धा ही आपली खासगी बाब, असं त्यांनी तिथे सांगितलं. पण त्याच भाषणात ते असंही म्हणाले होते की विवेकबुद्धी आणि देशहित यांत पेच पडलाच, तर आपण पद सोडू. म्हणजे पेच पडू शकतो हे त्यांनाही कबूल होतं. कायदाही मतदाराच्या आड येत नाही. अमेरिकेच्या संविधानातलं सहावं कलम पदासाठी धार्मिक कसोटी लावू देत नाही, आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्माच्या नावावर मतं मागू देत नाही. बटण दाबताना तुमच्या मनात काय असावं, हे दोन्हीकडे लिहिलेलं नाही.

मग माझं बिनसलं कुठे? एका सभेत. मी ज्याला मत दिलं होतं तोच उमेदवार पुन्हा उभा होता. एका गृहस्थाने उठून विचारलं, वाचनालय दोन वर्षं बंद का? उमेदवाराने हात जोडले, डोळे मिटले आणि वरच्यावर भरवसा ठेवायला सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तोवर कार्यकर्त्याने त्या गृहस्थाच्या हातून माईक काढून घेतला होता. वाचनालयाचं काय, हे ना त्यांना कळलं ना मला, आणि ते माझ्या लक्षात आलं घरी पोचल्यावर.

तेव्हापासून ही गोष्ट खुपते. प्रतिज्ञापत्रातली मालमत्ता, दाखल गुन्हे, सभागृहातली हजेरी पडताळता येते. श्रद्धा कशी पडताळणार? आपल्याला दिसतो तो देखावा, आणि तो चांगला वठला की आपण बाकीचं विचारायचं विसरतो. निदान मी तरी विसरलो. शिवाय आपण खरंच श्रद्धाच मोजतो का, याचीही शंका येते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर चर्चमध्ये रविवारी बायबलचा वर्ग घेत. तरी १९८० च्या निवडणुकीत धार्मिक मतदारांचा मोठा वर्ग त्यांचे प्रतिस्पर्धी रेगन यांच्याकडे वळला, आणि रेगन तर घटस्फोटित, चर्चमध्येही फारसे न जाणारे. त्या मतदारांना हवी होती ती धोरणं. मग सरळ धोरणंच बघावीत, नाही का?

न बघण्यातही तोटा आहे, नाही असं नाही. एखाद्याची कट्टरता निवडून आल्यावरच कळते. ज्यांना ही धास्ती मोठी वाटते, त्यांना मी चूक म्हणणार नाही. म्हणून जुन्या पद्धतीतला एक प्रश्न मी ठेवलाय. उमेदवार दारात आला की विचारतो, श्रद्धेपायी कुठल्या विषयावर तुमचं पक्षाशी पटणार नाही? बहुतेक जण हसून पत्रक हातात देतात. एकाने मात्र दारातच उभं राहून दहा मिनिटं सांगितलं. त्याची श्रद्धा माझी नव्हे, पण मत त्यालाच दिलं.