जोडीदाराचं ग्रीन कार्ड रखडलंय: वाट कुठे पाहायची आणि कशी

लग्न झालंय, एक जण अमेरिकेत आहे, दुसरा भारतात. आय-१३०, म्हणजे जोडीदाराला बोलावण्याचा अर्ज, भरून बरेच महिने उलटलेत आणि ऑनलाइन स्टेटस काही केल्या हलत नाही. "अजून किती दिवस?" याचं उत्तर नवरा-बायकोपैकी कुणाकडेच नसतं. ठरवता येतं ते एवढंच: हा काळ दोघांनी कुठे काढायचा, फाइलमागे किती जोर लावायचा आणि तोवर नोकरी-घराचं काय करायचं.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक जोडप्यांनी फाइल मुंबईच्या अमेरिकन वकिलातीच्या मार्गानेच चालू ठेवावी, अमेरिकेतल्या माणसाने भारतात फेऱ्या माराव्यात आणि तो ग्रीन कार्डधारक असेल तर नागरिकत्वाचा अर्ज पहिल्या शक्य दिवशी भरावा. कुणासाठी हे लागू पडत नाही, तेही पुढे येईलच.

आधी रांग कोणती ते बघा

अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही. त्याची फाइल अडकते ती फक्त कामाच्या ढिगाऱ्यात: आधी यूएससीआयएसकडे म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे, मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे म्हणजे एनव्हीसीकडे, मग मुलाखतीच्या तारखेसाठी. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार एफ-टू-ए गटात येतो आणि तिथे कोटा आहे. म्हणजे आय-१३० मंजूर झाला तरी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये आपली प्रायॉरिटी डेट (आय-१३० दाखल झाल्याची तारीख) येईपर्यंत थांबावं लागतं. जुलै २०१९ पासून बराच काळ हा गट 'करंट' होता, म्हणजे तारखेसाठी थांबावं लागत नव्हतं, एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा तारीख लागली. त्यामुळे २०२१ मध्ये ज्याचं काम झालं त्या मित्राच्या अनुभवावरून आपला अंदाज बांधू नका.

एक दिलासा मात्र आहे. नोकरीच्या ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग किती लांब आहे हे आपल्याला पाठ असतं, आणि तीच भीती इथे आणली जाते. एफ-टू-ए मधले पाऊण हिस्सा व्हिसा देशनिहाय मर्यादेच्या बाहेर असतात, म्हणून भारताची तारीख सहसा इतर जगाच्या बरोबरीनेच चालते.

लग्नाची तारीख आणि ग्रीन कार्ड मंजूर झाल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. नोकरीवरून मिळालेलं ग्रीन कार्ड लग्नानंतर मंजूर झालं असेल, तर जोडीदाराला एफ-टू-एच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही. 'फॉलोइंग टू जॉइन', म्हणजे मागाहून येणारा जोडीदार, म्हणून त्याच प्रायॉरिटी डेटवर येता येतं, त्यासाठी आय-८२४ भरतात. कुणीतरी सांगितलं म्हणून सरळ आय-१३० भरून बसलेली जोडपी मी पाहिली आहेत. वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असू द्या.

ग्रीन कार्डवर थांबायचं की नागरिक व्हायचं

ग्रीन कार्डला पाच वर्षं होत आली असतील तर हा निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधी भरता येतो. शपथ झाली की एफ-टू-ए ची फाइल नागरिकाच्या जोडीदाराची फाइल बनते, नवा आय-१३० लागत नाही. नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत एनव्हीसीला, किंवा फाइल अजून तिकडे गेली नसेल तर यूएससीआयएसला, पाठवायची आणि कोट्याचा प्रश्न तिथे संपतो.

यात एक गोष्ट हमखास निसटते. एफ-टू-ए मध्ये मूल आईच्या किंवा बापाच्या अर्जातच सामावलं जातं. नागरिकाच्या जोडीदाराच्या अर्जात ते सामावलं जात नाही, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. हे उशिरा कळलं तर आईचा व्हिसा येतो आणि मूल मागे राहतं.

नको म्हणणाऱ्यांची कारणंही खरी आहेत. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमिनीचे व्यवहार व्हायचे असतील तर ते शपथेआधी उरकणं बरं. वारसाने येणाऱ्या जमिनीला ही आडकाठी नाही. ज्यांना पासपोर्ट सोडणं मनाला पटत नाही त्यांनी तसं जोडीदाराला स्पष्ट सांगावं. समोरचा माणूस नागरिकत्वाच्या भरवशावर दिवस मोजत असतो.

भारतात येऊन राहायचं का

नागरिक असाल आणि काम दुरून करता येत असेल, तर हा पर्याय चांगला आहे. संसार सुरू होतो, शिवाय लग्न खरं असल्याचा याहून भक्कम पुरावा नाही. अडचण येते आय-८६४ मध्ये, म्हणजे खर्चाची हमी देताना. हमी देणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं, किंवा जोडीदारासोबत तिकडे परतून घर मांडण्याची तयारी दाखवावी लागते. तिकडचं बँक खातं, टॅक्स रिटर्न, मतदार नोंदणी, भाड्याच्या घराची चौकशी, नोकरीचं पत्र असे कागद जमवत राहा. उत्पन्नही दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांइतकं लागतं आणि ते परतल्यावरही चालू राहणारं हवं. कमी पडलं तर अमेरिकेतला दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोड-हमीदार होऊ शकतो.

ग्रीन कार्डधारकाने मात्र लांब मुक्काम टाळावा. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी धरलेल्या पाच वर्षांत खंड पडल्याचं मानलं जाऊ शकतं. रीएन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) न घेता वर्षभर बाहेर राहिलं तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. परमिट घेतलं तर कार्ड वाचतं, नागरिकत्वाचा हिशोब वाचत नाही. म्हणजे सोबत राहण्यासाठी आलेला माणूस सोबत राहण्याचा सगळ्यात जवळचा रस्ताच लांब करून घेतो. त्याच्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या फेऱ्याच बऱ्या. तिकिटं, बोर्डिंग पास, फोटो जपून ठेवा, मुलाखतीला कामी येतात.

टूरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहणं

हा पर्याय घरातले वडीलधारे, शेजारी, व्हॉट्सअॅप ग्रुप सगळे सुचवतात. त्याचे दोन भाग करते.

फक्त भेटीला जायचं असेल तर बंदी नाही. पण डीएस-१६० मध्ये, म्हणजे भेटीच्या व्हिसाच्या अर्जात, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का, असा सरळ प्रश्न आहे आणि उत्तर खरंच द्यावं लागतं. नवरा तिकडे, अर्ज चालू, मग ही परत येईल कशावरून, असा विचार अधिकारी करतो आणि २१४(बी) या कलमाखाली नकार येतो. हातात जुना वैध व्हिसा असेल तर जाता येतं, तरी विमानतळावर प्रश्न होतात. परतीचं तिकीट आणि रजेचं पत्र जवळ ठेवा, आणि ठरलेल्या दिवशी परत या.

राहायच्या इराद्याने भेटीच्या व्हिसावर जाणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवणं म्हणतात आणि त्याचा डाग कायमची प्रवेशबंदी आणू शकतो. त्यातून नागरिकाच्या जोडीदाराला मुदत उलटून राहिल्याची थोडी माफी कायद्यात आहे, ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला नाही. त्याची मुदत संपली, तारीख आली नाही आणि १८० दिवस उलटल्यावर तो बाहेर पडला की तीन वर्षं बंदी, वर्ष उलटलं असेल तर दहा. हे मी कुणालाही सुचवणार नाही, अगदी वर्षभर भेट झालेली नसली तरी.

जोडीदार आधीपासूनच एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (शिक्षणाच्या) व्हिसावर तिकडे असेल तर आय-४८५, म्हणजे तिथूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, भरून तिथेच थांबणं रास्त आहे. एफ-टू-ए असेल तर तारीख आलेली असावी लागते. हा मार्ग महाग आहे: १ एप्रिल २०२४ च्या दरांनुसार आय-४८५ चे १,४४० डॉलर, त्यात आय-१३० चे ऑनलाइन ६२५ किंवा कागदी अर्जाचे ६७५. वकिलातीच्या मार्गात आय-१३० तेवढाच, नंतर एनव्हीसीचे ३२५ आणि १२० डॉलर. पैशांपेक्षा जड जातं ते वेगळंच. अॅडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात (एच आणि एल व्हिसावाल्यांना यातून सूट आहे). इकडे आईवडील थकलेले असतील तर याचा विचार आधी करा.

के-३, म्हणजे आय-१३० चालू असताना नागरिकाच्या जोडीदाराला मिळू शकणारा व्हिसा, त्याच्या मागे लागू नका. तो बहुधा आय-१३० च्याच गतीने चालतो आणि मध्येच बंद होतो. स्वतःच्या बळावर जायचं तर एच-१बी लॉटरीवर आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लादले. कंपनीतून बदलीवर मिळणारा एल-१ शक्य असेल तर जरूर विचारा. त्यात ग्रीन कार्डचा इरादा आड येत नाही.

फाइलमागे किती जोर लावायचा

यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर 'नेहमीपेक्षा उशीर' कुठल्या तारखेपासून धरायचा ते कळतं. त्याआधी केलेल्या चौकशीला ठरावीक साच्याचं उत्तर येतं, वेळ घालवू नका. ती तारीख उलटली की चौकशी टाका, आणि त्याने काही झालं नाही तर तुमच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला लिहा. फुकट आहे, एक सहीचं संमतीपत्र लागतं, ग्रीन कार्डधारकही विचारू शकतो. फाइल पुढे ढकलली जाईलच असं नाही, पण ती नेमकी कुठे आणि कशासाठी पडली आहे हे कळतं. गंभीर आजारपण असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह फाइल तातडीने घेण्याची विनंती करता येते. नुसता विरह हे कारण तिथे चालत नाही, कितीही खरं असलं तरी.

शेवटचा उपाय मॅन्डेमसचा दावा, म्हणजे सरकारने निर्णय घ्यावा म्हणून न्यायालयात जाणं. संघीय न्यायालयाचं शुल्क ४०५ डॉलर, वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट. सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात आणि कित्येकदा तेवढ्यातच फाइल हलते. मात्र न्यायालय 'निर्णय घ्या' एवढंच सांगू शकतं, 'मंजूर करा' असं नाही. किती उशीर म्हणजे अवाजवी, याचा ठरलेला आकडाही नाही. न्यायाधीश १९८४ च्या एका निकालातले निकष लावून प्रकरणागणिक ठरवतात. आणि जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. म्हणून फाइलमध्ये काही कच्चं असेल, जुना नकार असेल, तर घाई करून नकार ओढवून घेण्यापेक्षा आधी ते दुरुस्त करा.

उशीर जो आपल्या घरातून होतो

इथे खरंच महिने वाचतात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. मग पासपोर्टवर वडिलांचं नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा, कारण बारशाआधी नोंद झाली आणि नंतर कुणी नगरपालिकेत गेलंच नाही. एनव्हीसीला असा संच गेला की कागद परत येतात आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत जावं लागतं. आय-१३० पडून आहे त्या काळातच जन्मदाखल्यावर नाव चढवून घ्या आणि सगळीकडे एकच नाव करा. माहेरचं ठेवायचं असेल तर तेही चालतं, फक्त सगळीकडे तेच हवं.

पोलिस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी मात्र आधी करून ठेवू नका. पहिल्याची मुदत दोन वर्षं धरतात. दुसरीची सहसा सहा महिने, आणि व्हिसाची मुदतही तिलाच बांधलेली असते, म्हणून ती मुलाखतीची तारीख आल्यावरच करा. फाइल एनव्हीसीकडे असताना वर्षभर गप्प राहू नका. काही कळवायचं नसलं तरी लॉगिन करा, एखादा प्रश्न विचारा. वर्षभर हालचाल नसेल तर नोंदणी रद्द होऊ शकते.

नोकरी, घर, मूल

व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत राजीनामा देऊ नका. मुलाखत चांगली झाली तरी २२१(जी) चा, म्हणजे निर्णय तूर्त थांबवल्याचा, कागद हातात पडू शकतो, आणि मग रिकाम्या घरात ईमेल तपासत बसणं फार वाईट. सासरी राहायचं की माहेरी, यावर माझं मत नोकरीच्या बाजूने आहे: जिथून कामावर जाता येतं तिथे. नवरा नसलेल्या सासरी केवळ रीत म्हणून राहायला लावलेल्या मुली खचतात, आणि हे तिकडच्या नवऱ्याने स्वतः आईवडिलांशी बोलावं. तिच्यावर टाकू नये. फोनची वेळही ठरवून घ्या. न्यूयॉर्कशी साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर आहे, रोज एकाचीच झोप मोडायला नको.

मूल होऊ देणं याच कारणासाठी लांबवलं जातं. जोडीदार नागरिक असेल आणि मुलाच्या जन्माआधी तो एकूण पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, अमेरिकेत राहिलेला असेल, तर भारतात जन्मलेलं मूल जन्मतःच अमेरिकन नागरिक ठरतं. विद्यार्थी किंवा एच-१बी म्हणून काढलेली वर्षंही त्यात मोजतात. कार्डधारक असाल आणि पुढे नागरिक होणार असाल तर वर सांगितलेला वेगळ्या आय-१३० चा मुद्दा लक्षात ठेवा.

आणि उशीर झालाच आहे, तर लग्नाची तारीख पुन्हा एकदा बघा. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोनच वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून लग्न पुन्हा सिद्ध करावं लागतं. दोन वर्षं झाली असतील तर थेट दहा वर्षांचं. व्हिसा सीआर-१ (सशर्त) असा छापलेला असला, लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असला आणि व्हिसाची मुदत बाकी असली, तर विमान त्यानंतरच्या तारखेचं घ्या आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाहाचा दाखला दाखवून आयआर-१ (बिनशर्त) म्हणून प्रवेश द्यायला सांगा.