पहिल्या दिवशी टोचणारा बूटच मापाचा: लांब लेदर राइडिंग बूट, ११ महिन्यांच्या वापरानंतर

जोडी अशी: काळा फील्ड बूट, घोट्यावर लेस, मागे टाचेपासून वरपर्यंत चेन, वरच्या टोकाला चेनलगत इलॅस्टिकची पट्टी. कानपूरला मापावर शिवलेला. वरचं कातडं म्हशीचं, क्रोम टॅन केलेलं (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं), आत लेदरचंच अस्तर, खाली रबरी सोल. किंमत १४,५०० रुपये. वापर जून ते एप्रिल, आठवड्यातून चार दिवस, दर वेळी पाऊण तास खोगिरावर आणि जवळजवळ तेवढाच वेळ पागेत. ठिकाण पुणे. म्हणजे सुरुवातीचे चार महिने चिखल, पुढे सगळी धूळ.

लांब बुटाची निवड चुकते ती बहुतेक वेळा उंचीत. दुकानात पाय घालून बघितला, गुडघ्यामागे कुठे लागत नाही, वाकून बसता येतं, छान वाटलं, घेतला. असा बूट दोन महिन्यांनी पोटरीच्या मध्यावर येऊन थांबतो. कारण साधं आहे. रिकिबीत पाय ठेवला की टाच खाली जाते आणि घोटा दुमडतो. तिथलं कातडं दर रपेटीला थोडं थोडं मोडत जातं आणि पेटीच्या भात्यासारख्या घड्या पडतात. प्रत्येक घडी उंचीतून काही मिलिमीटर खाते. या जोडीची मागच्या बाजूची उंची नवी असताना ४६ सेंटिमीटर होती. दोन आठवड्यांनी ४५, दोन महिन्यांनी ४३.५, आणि आता ४३ वर स्थिर आहे. पायाचं बसून घेतलेलं माप ४३ च होतं. शिवायला देतानाच ३ सेंटिमीटर जास्त सांगितले होते, म्हणून आज बूट जिथे हवा तिथे आहे. घोटा कडक असलेला, बिनलेसचा ड्रेस बूट कमी उतरतो. त्याला २ सेंटिमीटर पुरतात. मऊ कातड्याच्या फील्ड बुटाला ३ पेक्षा कमी धरू नका.

आखूड बुटाचा त्रास नुसता दिसण्याचा नाही. बुटाची वरची कड खोगिराच्या फ्लॅपखाली, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या कातड्याखाली, अडकते, दुडकीत उठताना-बसताना पाय मागे ओढला जातो आणि पोटरीला चिमटे बसतात. एकदा आखूड झालेला बूट कारागीर सहसा लांब करून देत नाही. उलट थोडा उंच राहिलेला साध्या कडेचा बूट वरून दीड-दोन सेंटिमीटर कापता येतो. बाहेरची बाजू उंच असलेला स्पॅनिश टॉप मात्र कापला की त्याचा आकारच जातो.

माप घ्यायची पद्धत. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ज्या ब्रीचेस (घोडेस्वारीची तंग विजार) आणि मोजे घालून बसणार तेच घालायचे. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत टेप सरळ धरायची, पोटरीच्या गोलाईवरून न्यायची नाही. पोटरीचा घेर सर्वांत जाड जागी, टेप टेकवून, आवळून नाही. दोन्ही पायांची मापं वेगळी लिहा. अर्धा-एक सेंटिमीटर फरक अगदी नेहमीचा आहे. मापावर शिवून घेत असाल तर आणखी तीन आकडे द्यायलाच हवेत: घोट्याच्या हाडाच्या वरचा सर्वांत बारीक घेर, टाचेच्या टोकापासून पावलाच्या वाकावरून फिरवलेला तिरका घेर, आणि गुडघ्याखाली जिथे बुटाची कड येणार तिथला घेर. कागदावर उभ्याने काढलेली पावलाची बाह्यरेषाही पाठवा, दोन्ही पावलांची.

यातला घोट्याचा घेर लोक देतच नाहीत आणि तोच सगळ्यांत महाग पडतो. घोट्याशी ढिला बूट आतल्या आत कोसळतो, घड्या वेड्यावाकड्या पडतात, टाच वर सरकते आणि उतार ३ ऐवजी ५ सेंटिमीटर होतो. पोटरी घट्ट असेल तर इलॅस्टिक वाढवता येतं, उंची जास्त असेल तर कापता येते. पंजा, वाक आणि घोटा या तीन जागा मात्र नंतर फारशा हलवता येत नाहीत. तयार बूट बघतानासुद्धा आधी या तीन जागा तपासा. पोटरी आणि उंचीकडे मग या.

पोटरीला मोकळीक ठेवू नये. इथे पायाचं माप ३६.५ आणि बूटही ३६.५. पहिले दहा-बारा दिवस चेनचे शेवटचे चार बोटं अंतर लागता लागत नव्हतं. आज तोच घेर ३७.५ आहे, चेन एका ओढीत लागते आणि ब्रीचेसवर सुरकुतीही येत नाही. नव्या बुटात वरच्या कडेशी एक बोट कसंबसं जात असेल तर माप बरोबर. चार बोटं सहज जात असतील तर बूट आताच सैल आहे, पुढे ओरडत बसाल.

ही घट्ट जोडी पायावर बसवायला घाई चालत नाही. पहिला आठवडा घरातच, रोज २० ते ३० मिनिटं. टाचेखाली फेल्टचा किंवा कॉर्कचा ८ मिलिमीटर जाडीचा तुकडा घातला की पाय तेवढा वर येतो आणि लवणीत कड रुतत नाही. बूट उतरत जाईल तसा तुकडा पातळ करायचा. इथे सहाव्या आठवड्यात तो काढून टाकला. लवणीत आधीच पट्टी चिकटवा, सोलवटल्यावर नको. जिने चढा-उतरा, सावकाश अर्धी बैठक मारा. खोगिरावर पहिल्या तीन-चार वेळा रिकीब एक भोक लांब ठेवून फक्त चाल आणि दुडकी. घोट्यावरची लेस या काळात ढिली ठेवावी, म्हणजे घडी जिथे पाय वाकतो तिथेच पडते. एकदा चुकीच्या जागी पडलेली घडी कायमची.

इथे एक मोह आवरा. नवी कोल्हापुरी चावते म्हणून तिला तेल चोळून मऊ करायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कोल्हापुरीचं कातडं हिरड्यावर आणि बाभळीच्या सालीवर कमावलेलं, जाड आणि कोरडं असतं. तिला तेल मानवतं. लांब बुटाचं कातडं कारखान्यातूनच तेल पिऊन आलेलं असतं. त्यावर आणखी ओतलं की उभा राहायचा भाग लोळागोळा होतो, उतार वाढतो, सोलजवळचा गोंद सुटू लागतो, आणि पावसाळ्यात त्याच तेलावर बुरशी पोसली जाते. ओला करून पायावर वाळवायचा उपायही ऐकायला मिळतो. त्याने घेर भलतीकडे ताणला जातो. तोही नको.

आता चेन. मागे चेन असलेल्या बुटाचं आयुष्य चेनच ठरवते, कातडं तिच्यापेक्षा किती तरी टिकतं. नवव्या महिन्यात डाव्या बुटाची चेन रनरच्या (वर-खाली सरकणाऱ्या खटक्याच्या) मागे उघडू लागली. जागा अपेक्षित तीच: टाचेपासून ८ ते १० सेंटिमीटर वर, जिथे घोटा दुमडतो. तिथे दात वाकतात, शिवाय रेती आणि वाळलेला घाम तिथेच साठतो. दात शाबूत असून चेन उघडत असेल तर दोष रनरचा असतो. त्याचे दोन पाखे झिजून फाकलेले असतात. पक्कडीने मागची दोन्ही टोकं अगदी हलकी दाबली की काही आठवडे निघतात. जोरात दाबलं तर रनर तुटतो.

चेन टिकवायची तर लावण्याची रीत बदला. बूट घातल्यावर आधी टाच मागे ठोकून पूर्ण बसवा. मग पायावर वजन न देता तो मोकळा ठेवा, गुडघा जवळजवळ सरळ, आणि एका हाताने चेनच्या दोन्ही कडा जवळ धरून दुसऱ्या हाताने रनर वर घ्या. रनरच्या ताकदीने कडा जवळ ओढल्या की दात गेलेच म्हणून समजा. वरचं बटण शेवटी लावायचं आणि काढताना सगळ्यात आधी सोडायचं. अर्धवट लावलेल्या चेनवर पागेत फिरू नका. दर चार-पाच वापरांनंतर जुन्या टूथब्रशने दात कोरडे झाडून मेणबत्तीचा तुकडा फिरवा. तेल नको, त्यावर धूळ बसून सहाण तयार होते. घेतानाच नायलॉनच्या गुंडाळी दातांची जाड चेन बघून घ्या. पितळी दात दिसतात दणकट, पण घामाने हिरवे पडतात.

सोल आणि रिकीब यांचा हिशेब एकत्र करावा. टाच चौकोनी आणि अडीच सेंटिमीटर उंच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. सोलवर बारीक नक्षी ठीक आहे. ट्रेकिंगच्या बुटासारखे खोल खाचांचे सोल घोड्यावर धोक्याचे, पडताना पाय सुटत नाही. बूट बदलला की रिकीबही मोजा. बुटाच्या सर्वांत रुंद जागेपेक्षा ती अडीच सेंटिमीटर रुंद असावी. हा बूट १० सेंटिमीटर भरतो, त्यामुळे १२.५ ची रिकीब लागते; कॅनव्हासच्या बुटांवर चालणारी १२ ची रिकीब यात तोकडी पडली. फार रुंदही नको, पूर्ण पाऊल आत घुसतं.

११ महिन्यांनी झीज कुठे आहे? आतल्या बाजूला, गुडघ्याखाली रिकिबीचा पट्टा घासतो तिथे रंग उडाला आहे आणि कातडं गुळगुळीत झालं आहे. हे होणारच. घोट्याच्या घड्यांना तडे नाहीत. पुढच्या टोकाचे टाके शाबूत आहेत. सोल वेल्टवर, म्हणजे कडेच्या कातडी पट्टीवर, शिवलेला असल्याने बदलता येईल. नुसता चिकटवलेला सोल एका पावसाळ्यात तोंड उघडतो. इलॅस्टिक मात्र ढिलं पडलं आहे, ताणून सोडलं तर पूर्वीसारखं परत येत नाही.

कातडं खरं की वरून लेप दिलेलं, हे दुकानात अंगठ्याने कळतं. दाबल्यावर बारीक, केसासारख्या सुरकुत्या उमटून विरल्या तर कातडं चांगलं. सगळा पापुद्रा एकसंध फुगून उचलल्यासारखा दिसला तर वर प्लास्टिकचा थर आहे. तो घोट्याशीच आधी सोलवटतो. पीयूचे (पॉलियुरेथेनचं नकली कातडं) बूट स्वस्त पडतात, पण दमट हवेत पीयू आतून कुजतो. कपाटात नुसता ठेवला तरी दोन-तीन पावसाळ्यांत चुरा होऊ लागतो.

रोजची निगा पाच मिनिटांची आहे. ओल्या फडक्याने चिखल पुसा, घोड्याला लागणारी आतली बाजू खास करून. घोड्याचा घाम खारट आणि अल्कधर्मी असतो, तो टाके आणि कातडं दोन्ही खातो. ठाणातल्या मूत्राचा अमोनिया त्याहून वाईट. आठवड्याला एकदा ग्लिसरिनचा सॅडल सोप (कातड्याचा साबण), फेस न काढता. महिन्याला एकदा कातड्याचा कंडिशनर, दोन्ही बुटांना मिळून एक चमचा पुरे. चकाकीचं मेण पॉलिश फक्त पावलाच्या भागावर आणि बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला लावलं तर खोगिरावर पकड राहत नाही आणि ब्रीचेस काळ्या होतात. भिजलेला बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवा, कागद दोन तासांनी बदला. ऊन आणि हीटर वर्ज्य. बुरशी आलीच तर घराबाहेर झाडून, व्हिनेगर आणि पाणी समभाग घेतलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. आधी कोपऱ्यात करून बघा, रंग जातो का ते. ठेवताना आत बूट ट्री (आकार धरून ठेवणारा साचा) किंवा पुठ्ठ्याची जाड नळी, वर कापडी पिशवी. प्लास्टिकची पिशवी म्हणजे बुरशीला आमंत्रण.

कुणी घेऊ नये, तेही सांगायला हवं. वाढत्या वयाच्या मुलांना लांब बूट म्हणजे दर वर्षी पैसे पाण्यात. घोट्यापर्यंतचा जोधपूर बूट आणि हाफ चॅप्स (पोटरीवर बांधायची वेगळी आवरणं) त्यांना बरे. आठवड्यातून एकदा रपेट करणाऱ्यालाही तेच पुरतं. गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून माथेरानला वर घोड्यावर जायला तर मुळीच नको, साधा टाचेचा बूट बास.

डाव्या बुटाची चेन शेवटी बदलली, जोडीची दोन्ही एकदम, १,२०० रुपयांत. कारागिराला तीन गोष्टी आधी सांगा: दोरा पॉलिस्टरचा वापर, जुन्याच भोकांतून शीव, आणि चेनचं खालचं टोक टाचेच्या शिवणीपासून अर्धा सेंटिमीटर वर थांबव. ते टोक थेट शिवणीवर आलं की रनर तिथे आदळून शिवणच उसवतो. या जोडीच्या मूळ चेनीत नेमकं तेच होतं.