पहिला फ्रेंच विनोदी सिनेमा: ताती की वेबेर?

सबटायटल्सची सवय नसलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी? माझ्यापुरते दोन उमेदवार आहेत.

जाक तातीचा ‘मस्यू ह्युलोची सुट्टी’ (1953) कृष्णधवल आहे आणि त्यात संवाद जवळपास नाहीतच. सुरुवातीलाच स्टेशनवरचा भोंगा काहीतरी बरळतो आणि प्रवासी सामानासकट या फलाटावरून त्या फलाटावर धावत सुटतात. ती घोषणा फ्रेंच माणसालाही कळत नाही, म्हणजे तुमची आणि त्याची पंचाईत सारखीच! पुढे ह्युलोच्या गाडीच्या टायरची ट्यूब ओल्या पानांवर पडते, पानं तिला चिकटतात आणि अंत्यविधीला आलेले लोक तिला पुष्पचक्र समजतात. फक्त कथानक शोधू नका, ते नाहीच. मोबाइल हातात घेऊन बघणाऱ्याचा अर्धा विनोद हुकणार, कारण तो बऱ्याचदा चौकटीच्या कोपऱ्यात घडतो.

फ्रान्सिस वेबेरचा ‘मूर्खांचं जेवण’ (1998) याच्या अगदी उलट आहे. मुळात नाटक, त्यामुळे बराचसा प्रकार एका घरात, आपल्या दिवाणखान्यातल्या फार्ससारखा. काड्यापेटीच्या काड्यांचे मनोरे रचणारा पिन्यों, त्याची टिंगल करायला त्याला जेवायला बोलावणाऱ्या यजमानाच्या पळालेल्या बायकोचा ठावठिकाणा काढायला निर्माता बनून फोन करतो, पुस्तकाचे हक्क स्वस्तात मिळाले म्हणून हरखतो आणि बायकोचं विचारायचंच विसरतो. इथे वाचायला भरपूर आहे. वाक्य पडद्यावर आधी उमटतं, नट ते नंतर बोलतो, त्यामुळे एखादा हशा निसटतो. तरी घरी चार जण जमले असतील, तर मी बेधडक वेबेरच लावेन. एकट्याने रात्री बघायचा असेल तर ताती.