मदरबोर्डचा चीं आवाज बंद करून दिला, तोही काही न विकता

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगते.

ठाण्याच्या नौपाड्यातलं हे पीसी दुरुस्तीचं दुकान शोधायला जरा वेळ लागतो, आत गेलात की एकावर एक रचलेली कॅबिनेटं आणि बसायला एकच स्टूल, त्यावर पण बहुतेक वेळा कोणाचा तरी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बसलेला असतो. पण दुकानवाल्या काकांना काम येतं, आणि ऐकून घेतात.

माझा प्रॉब्लेम असा की पीसी नुसता चालू ठेवला की आतून बारीक चीं असा आवाज, कानाशी डास घोंघावतो ना तसा, आणि माझं काम ऑडिओ एडिटिंगचं त्यामुळे रात्री शांततेत तो डोक्यातच जायचा. बाबांना ऐकूच येईना, म्हणे तुला भास होतोय. (वय वाढलं की वरच्या पट्टीतलेच आवाज आधी जातात, पण हे बाबांना कोण सांगणार.) त्याआधी दुसरीकडे एका ठिकाणी दाखवला होता तर तिथे कॅबिनेट न उघडताच "मॅडम बोर्ड गेला, नवीन टाका" असा निकाल.

इथे काकांनी आधी विचारलं, "ताई, आवाज काम चालू असताना येतो की रिकामा असताना? माऊसने पेज वरखाली केलं तर बदलतो?" बदलतो म्हटल्यावर म्हणाले मग पंखा नाही, पंखा माऊसचं ऐकत नसतो. दिवसा गोखले रोडच्या हॉर्नमध्ये हे कसलं ऐकू येतंय, म्हणून दुकान बंद करायच्या वेळेला बोलावलं, शटर अर्धं खाली, सीलिंग फॅन बंद. मग एकेक करत सगळं बाजूला काढलं. कॅबिनेटच्या पंख्यांच्या वायरी थोडा वेळ काढल्या, आवाज तसाच. ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर थेट बोर्डाला जोडून चालवला, तसाच. त्यांच्याकडचा दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, तरी तसाच. मग कागदाची नळी करून एक टोक कानाला, दुसरं बोर्डावर फिरवत फिरवत प्रोसेसरच्या बाजूच्या चोकपाशी (वीज सुरळीत करणारा तारेच्या गुंडाळीचा भाग) आणलं आणि मला म्हणाले तुम्हीच ऐका. तिथूनच येत होता!

खरी गंमत पुढे. प्रोसेसरवर फुल लोड टाकला तर आवाज गायब, लोड काढला की परत चीं. त्यांनी सांगितलं ते असं की एसएमपीएसकडून येणारे 12 व्होल्ट बोर्ड प्रोसेसरसाठी साधारण 1 व्होल्टपर्यंत खाली आणतो, त्यासाठी स्विचिंग सेकंदाला लाखो वेळा होतं, ते आपल्याला ऐकू येत नाही कारण माणसाचा कान फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत. पण प्रोसेसर रिकामा असला की वीज वाचवायला सारखा झोपतो आणि उठतो, त्यामुळे करंट झटक्याझटक्याने जातो, ते झटके ऐकू येणाऱ्या पट्टीत पडले की चोकमधली कॉइल थरथरते आणि वाजते. सिरॅमिकचे बारके कपॅसिटर पण असेच वाजू शकतात. बोर्ड बिघडलाय असं नाही, आणि बहुतेक कंपन्या एवढ्यावरून वॉरंटीत बदलून पण देत नाहीत.

उपाय? बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरच्या त्या झोपेच्या पातळ्या, बंद केले, आवाज बंद! पण काकांनीच मीटर लावून दाखवलं की आता रिकामा असताना पण वीज जास्त खातोय आणि गरम होतोय, ठाण्याच्या मे महिन्यात ते परवडणारं नाही. म्हणून सगळे बंद न ठेवता फक्त खोल झोपेचे बंद, सी1ई ही हलकी झोप चालू असं ठेवलं. आता अगदी कॅबिनेटला कान लावला तरच किंचित येतो, एवढं चालतंय मला. चोकवर गोंद टाकून देता का विचारलं तर म्हणाले देईन, पण वॉरंटी संपू दे आधी.

शेजारी एक मुलगा हेडफोनमध्ये खरखर येते म्हणून आला होता, त्याला सांगितलं तुझी केस वेगळी, तो आवाज हवेत नाहीच, वायरीतून येतोय, साधं यूएसबी साउंड कार्ड लावून बघ, आणि गेमच्या मेनूत ग्राफिक्स कार्ड ओरडत असेल तर एफपीएसला (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याला) लिमिट लाव. पैसे नाही घेतले त्याच्याकडून. माझ्याकडून फक्त चेकिंगचे 400 घेतले.

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत, पीसी ठेवून गेलात तर तयार झाला का हे कळायला स्वतः जावं लागतं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. बायोसमध्ये काय काय बदललं ते पण लिहून देत नाहीत, मी मोबाईलवर फोटो काढून घेतले, तुम्ही पण काढा कारण बायोस अपडेट केला की सेटिंग बऱ्याचदा परत मूळ जागी जातात. गाडी नेऊ नका, कॅबिनेट घेऊन सरळ रिक्षा करा.